पगार महिन्याचा, रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा!

वर्षाचे महिने किती असे कोणी विचारले तर आपण बारा म्हणू. आपला पगार बारा वेळा होतो, घरभाडे बारा वेळा जाते. मोबाईल कंपन्यांचे वर्ष मात्र तेरा महिन्यांचे! अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज तेरा वेळा मारला की ३६४ दिवस भरतात. तेराव्या महिन्याचा पगार आपल्याला कोणी देत नाही. तेरावा रिचार्ज मात्र आपल्याच खिशातून जातो.

२०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. जिओचा २३९ रुपयांचा अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन २९९ वर गेला. साठ रुपयांनी काय होते, असे म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. साठ गुणिले तेरा म्हणजे वर्षाला ७८० रुपये. घरात तीन फोन असतील तर २,३४० रुपये. महागाई भत्त्याच्या एकेका टक्क्यासाठी आपण द्वारसभा घेतो. हा उलटा भत्ता आपल्या हातून काढून घेतला गेला तेव्हा एक घोषणाही झाली नाही.

स्पर्धा आहे, गिऱ्हाईक राजा आहे, असे उदारीकरणाचे भाट सांगतात. या राजाचे राज्य चेन्नईत कसे चालले ते पाहा. १९९५ साली देशात मोबाईल सुरू झाला आणि मुंबई, दिल्ली, कलकत्त्याप्रमाणे तेव्हाच्या मद्रासचेही परवाने खासगी कंपन्यांच्या हाती होते. मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉललाही पैसे! २००२ च्या ऑक्टोबरात सार्वजनिक क्षेत्रातील बीएसएनएल मोबाईल सेवेत उतरली, २००३ च्या मे महिन्यापासून येणारे कॉल मोफत झाले, तेव्हा कुठे हा फोन सामान्य माणसाच्या खिशात आला.

पुढे तमिळनाडूत स्वस्त प्लॅनच्या जोरावर वाढलेली एअरसेल २०१८ च्या फेब्रुवारीत कोलमडली. टॉवर कंपन्यांची देणी थकली, फोन मुके झाले, आणि चेन्नईतले लोक नंबर वाचवण्यासाठी रांगा लावून उभे राहिले. महिनाअखेरीस कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज मालकाने काढले. अडकून पडला तो आगाऊ पैसे भरलेला रिक्षावाला, फेरीवाला आणि कामगार. अशा रीतीने मैदानातले गडी कमी होत गेले, आणि उरलेल्यांना दर वाढवणे सोपे झाले.

मग प्लॅन निवडावा कसा? पहिली गोष्ट, किमतीला दिवसांनी भागा. २९९ रुपये भागिले अठ्ठावीस म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. प्रत्येक प्लॅन असाच मोजा. जाहिरातीतला मोठा आकडा पाहू नका. दुसरी, ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा एक प्लॅन ठेवावा लागतो. दुकानदार तो आपणहून सांगेलच असे नाही, मागून घ्या. तिसरी, गावाकडच्या आईवडिलांना इंटरनेट नको असेल तर ते त्यांच्या माथी मारू नका. डिसेंबर २०२४ च्या नियमाने केवळ कॉल व एसएमएसचा रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. चौथी, भरती मंडळाची परीक्षा देऊन पेरांबूरच्या डबा कारखान्यात किंवा दक्षिण रेल्वेत रुजू होणाऱ्या आपल्या पोरांनी रोमिंगच्या जुन्या भीतीपोटी चेन्नईचे दुसरे सिम घेऊन दुहेरी रिचार्ज मारू नये. गावचा नंबर तिथे चालतो. कंपनी पटली नाही तर पोर्ट करा, नंबर तोच राहतो. पण आधी क्वार्टरमध्ये आणि कामाच्या जागी रेंज तपासा.

यावर हमखास एक आक्षेप येतो : बीएसएनएल स्वस्त आहे, पण रेंज कुठे आहे? आक्षेप खोटा नाही, पण रेंज का नाही हेही विचारा. खासगी कंपन्यांचे ४जी २०१२ पासून सुरू झाले. बीएसएनएलच्या देशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले २०२५ च्या सप्टेंबरात. मधल्या काळात, जानेवारी २०२० अखेर, सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एका झटक्यात बाहेर गेले. पाय बांधून शर्यतीत उतरवायचे आणि मग लंगडा म्हणून हिणवायचे, ही सरकारी खात्यांच्या खासगीकरणाची जुनी रीत रेल्वे-टपालवाल्यांना नव्याने सांगायला नको. रेंज नसलेले सिम केवळ निष्ठेपोटी बाळगा असे आम्ही म्हणत नाही. जिथे रेंज आहे तिथे ते घ्या, जिथे नाही तिथे टॉवर मागा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. महिना म्हणजे महिना, हाच सर्व प्लॅनचा नियम व्हावा. दरवाढीपूर्वी ट्रायने जाहीर सुनावणी घ्यावी. बीएसएनएलला पुरेसे भांडवल आणि माणसे द्यावीत. आणि हजेरी, फोटो, अ‍ॅप, साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे सारे जिथे जिथे कामगाराच्या रिचार्जवर चालते, तिथे तिथे तो खर्च प्रशासनाने द्यावा.

पुढच्या शाखासभेत हा विषय घ्या, ठराव करून पाठवा. एकट्याने दुकानदाराशी घासाघीस करून हा दर उतरणार नाही. तो उतरेल संघटनेच्या रेट्याने.

कामगार एकजुटीचा विजय असो!