जनरल रजिस्टर कोरडं राहावं म्हणून

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडची कितीतरी कुटुंबं शाळांच्या वर्गांत आसऱ्याला आली. नवी मुंबईच्या कोपरखैरणे, घणसोलीतल्या अनेक माथाडी कुटुंबांचं गाव त्याच मुलखात. २०२१मध्ये पाणी पुन्हा चढलं.

पूर ओसरला की शाळेत चिखल, फुगलेले बाक, कुजलेले तांदूळ. बाक, तांदूळ पुन्हा मिळतात. जनरल रजिस्टर मिळत नाही. मुलाची जन्मतारीख, जात, आधीची शाळा, सगळं त्यात. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंदही लोक तिथेच शोधतात. भिजून चिकटलेली पानं ओढून सोडवली तर फाटतात. मध्ये कोरे कागद घालून, सावलीत, वाऱ्यावर ती धीरानं वाळवावी लागतात.

नवी मुंबईतून वह्या-दप्तरांचे टेम्पो जातात, जावेतच. पण आमची कळकळीची विनंती आहे: पावसाळ्याआधी आपल्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन करा. रजिस्टरं उंचावर ठेवलीत का? पानापानाचं स्कॅनिंग झालंय का? नसेल, तर तो खर्च इथल्या ग्रामस्थ मंडळांनी उचलावा.