दस्तरखान : ब्रह्मदेशचा खाऊस्वे

परदेशी पदार्थ करावासा वाटतो, पण सॉसच्या बाटलीत काय असेल, ही अनेक भगिनींची धास्ती रास्तच आहे. जपानी ‘मिरिन’ म्हणजे तांदळाची गोड दारूच! म्हणून सुरुवात खाऊस्वेने करा. ब्रह्मदेशातून परतलेल्या मेमन कुटुंबांनी तो आपल्याकडे आणला. यात सॉस लागतच नाही. नूडल्सच्या पाकिटावरचे घटक तेवढे वाचा.

चौघांसाठी अर्धा किलो चिकन कांदा, आले-लसूण, हळद-तिखटात शिजवा. 3 चमचे बेसन कोरडे भाजून, पाण्यात कालवून घाला; उकळी येऊ द्या. मग मंद आचेवर 2 वाट्या नारळाचे दूध. आच मोठी केली तर ते फाटते. उकडलेल्या नूडल्सवर रस्सा ओता; वर तळलेला कांदा, उकडलेले अंडे, लिंबू. नाशिकच्या थंडीत मुले वाटी पुन्हा पुढे करतील.