थेट कॅमेऱ्यातून आला म्हणून खरा?

नोव्हेंबर २०१५मध्ये रॉयटर्सने आपल्यासाठी काम करणाऱ्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना फर्मान काढलं : रॉ फाइलवरून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवरून, तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातच जेपेग म्हणून टिपलेले, जुजबी दुरुस्ती केलेलेच पाठवा. कारणं दोन, वेग आणि सचोटी. वेगाचं पटतं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ फाइल सहज २५-३० एमबीची होते, जेपेगचं साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागतं. सामना चालू असताना सीमारेषेबाहेर बसून फोटो धाडणाऱ्याला रॉचा सोस परवडत नाही.

सचोटीचं कारण मात्र टिकत नाही.

जेपेगला कुणाचा हात लागलेला नसतो, हे गृहीतच चुकीचं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतात. पुढे व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस. जेपेग काढताना हे सगळं कॅमेराच उरकतो, कंपनीच्या अभियंत्यांनी ठरवून दिलं तसं. ‘व्हिव्हिड’ लावलं की सुकलेलं गवतही तरारतं! शिवाय १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये २५६.

लग्नाच्या हॉलमध्ये याचा हिशेब लगेच लागतो. स्टेजवर जांभळे एलईडी, समोरून पिवळा हॅलोजन. जेपेगमध्ये नवरीचा लाल शालू म्हणजे नुसता लाल डाग. निऱ्या नाहीत, बुट्टे नाहीत. रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स घरी बसून ठरवता येतो, लाल रंग खाली ओढला की निऱ्या बऱ्याचदा परत दिसू लागतात. (सेन्सरवरच प्रकाश उतू गेला असेल, तर रॉही हात टेकते. रॉभक्त हे सांगायचं विसरतात.)

रॉमुळे लबाडी सोपी होते म्हणावं, तर अनुभव उलटा आहे. लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर मूळ रॉमधल्या नोंदी बदलत नाही, केलेले फेरफार वेगळे लिहून ठेवतं. म्हणूनच वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धा अंतिम टप्प्यात मूळ फाइल मागते. २०१५च्या स्पर्धेत उपान्त्य फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका फेरफारांमुळे बाद झाल्या. फोटोतून पुसलेला माणूस मूळ फाइलमध्ये उभाच असतो.

जेपेगसोबत रॉ काढायला रॉयटर्सचीही ना नव्हती. मग ‘जेपेग पाठवा, रॉ जपून ठेवा, शंका आली की मागवू’ हा नियम त्या बंदीपेक्षा जास्त कामाचा ठरला असता.