थांब्यावरची माणसं दिसत नाहीत का?



सकाळी सातच्या सुमारास एकलहऱ्याच्या थांब्यावर पंधरा-वीस माणसं असतात. औष्णिक केंद्रातून रात्रपाळी करून निघालेले ठेका मजूर, नाशिकरोडला धुणीभांड्यांना जाणाऱ्या बाया, कॉलेजच्या मुली. सिटी बस येते, जरा हळू होते, हात वर होतात आणि बस निघून जाते. आत जागा असते, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. उशीर झाला की बाईच्या हातचं एक घर जातं. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो थांब्यावर नसतोच, म्हणून हा प्रश्न कुणाच्या भाषणातही येत नाही.

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, अत्याचाराचे, आरक्षणाचे प्रश्न सोडून बस कसली घेऊन बसलात? त्यांनी १९०१ सालचं मसूर स्टेशन आठवावं. जात कळताच गाडीवाले लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना बैलगाडीत घ्यायला तयार नव्हते. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही गाडीत न बसता बाजूने चालत. आज ड्रायव्हर जात विचारत नाही, हे मान्य. पण निघून गेलेल्या बसला कारणही विचारता येत नाही.

अमेरिकेत मॉन्टगोमेरीला १९४३ मध्ये रोझा पार्क्स यांना चालकाने उतरून मागच्या दाराने चढायला सांगितलं. त्या उतरल्या आणि बस निघून गेली. १९५५ ला समोर पुन्हा तोच चालक होता. मग तिथल्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. आमच्या बायांनी काय करावं? इथे बसनेच त्यांच्यावर बहिष्कार टाकला आहे!

परवा आमच्यातल्या एकाने बस अडवून चालकाला शिव्या घातल्या. चालक म्हणाला, "दादा, फेरी चुकली की पगार कापतात." आम्हाला राग आला, आणि पटलंही. तोही ठेक्यावरचाच. ठेकेदाराचं बिल किलोमीटरवर निघत असेल, तर वीस माणसं मागे सोडली तरी त्याचा एक रुपया बुडत नाही. म्हणून शिव्या चालकाला नकोत, जाब करार करणाऱ्यांना विचारा : थांबा सोडला तर दंड कुणाला?

विहारातल्या बायांनी सोमवारपासून एक वही सुरू केली आहे. बसचा नंबर, वेळ, किती माणसं राहिली, आत जागा होती का. महिनाभराच्या नोंदी घेऊन आम्ही महापालिकेत जाणार आहोत. तरुणांनी निवेदन लिहायला यावं. आणि एक दिवस सकाळी सातला, गाडी घरी ठेवून, थांब्यावरही यावं.