पहिल्या सुईनंतर ताप आला म्हणून…

परवा अंबडला भाचीकडे गेले होते. तिचा मुलगा दीड वर्षाचा झालाय. आशाताई दोनदा दारात येऊन गेल्या, तरी गोवराची दुसरी सुई बाकीच. म्हणाली, "खाला, पहिल्या सुईनंतर पोरगं दोन रात्री तापलं होतं. पुन्हा कशाला जिवाला त्रास?"

हा प्रश्न अनेक घरांत असतो. म्हणून तो ताप काय असतो, ते आधी पाहू.

पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते. काट्याबरोबर शिरलेल्या जंतूंच्या अंगावर आपल्या शरीरात नसलेले काही घटक असतात. त्यावरून भक्षक पेशी परका ओळखतात, त्याला गिळतात. काही पेशी त्याचे तुकडे जवळच्या गाठींपर्यंत नेतात. जांघेत अवधाण येते ते यामुळेच. तिथे असंख्य पेशींतून त्या जंतूला जुळणारी नेमकी पेशी निवडली जाते, तिची संख्या वाढते, प्रतिपिंडे तयार होतात. पहिल्या वेळी यात आठवडा-दोन आठवडे जातात. पुढे काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला, तर शरीर लवकर सज्ज होते.

लस हीच ओळख आजाराविना करून देते. गोवराच्या लसीत कमजोर केलेला विषाणू असतो. आठवडाभराने येणारा हलका ताप ही शरीर कामाला लागल्याची खूण. मात्र ताप फार चढला, झटका आला किंवा बाळ दूध पिईना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

मग दुसरी मात्रा कशाला? नवव्या महिन्यातल्या मात्रेने १०० पैकी साधारण ८५ बाळांनाच संरक्षण मिळते. आपले बाळ उरलेल्या १५ मधले तर नाही, हे वरून कळत नाही.

शिवाय गोवर जुन्या ओळखीही पुसतो. २०१९ मधील एका अभ्यासात गोवर झालेल्या मुलांची इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. म्हणजे गोवर बरा झाल्यावरही मूल इतर आजारांना सहज बळी पडते. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा मुले दगावलीही.

दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. तारीख उलटली असेल, तरी पाच वर्षांपर्यंत ती देता येते. भाचीने कपाटातून लसीचे कार्ड काढलेय. तुम्हीही आजच काढून पाहा.