अपघाताची फाइल साइटवर येऊ द्या

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



29 जून 2019 ला मध्यरात्र उलटल्यावर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत पावसात कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. 15 जण झोपेतच गेले, त्यांत लहान मुलंही होती. 1 जुलैच्या रात्री त्याच शहरात, आंबेगावला, पुन्हा तोच पाऊस, तशीच भिंत आणि खाली मजुरांच्याच झोपड्या. आणखी सहा मृत्यू. मधल्या काळात कारण कोणापासून लपलेलं नव्हतं, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होतं. तरी ते आंबेगावच्या त्या झोपड्यांपर्यंत वेळेत पोचलं नाही. बांधकामावर काम करणारा माणूस म्हणून मला हे सर्वांत जास्त सलतं. पहिल्या मृत्यूंनी दुसऱ्यांना वाचवायला हवं होतं.

कायद्याने यातलं अर्धं काम केव्हाच सांगून ठेवलं आहे. मृत्यू झाला, किंवा 48 तास कामावर येता येणार नाही इतकी इजा झाली, तर ती कळवलीच पाहिजे, असं 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याचं कलम 39 सांगत होतं. पाच किंवा अधिक माणसं गेली तर महिन्याच्या आत चौकशी करावी लागे. त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही अपघात कळवण्याचं बंधन आहे. अडतं ते त्याच्या पुढे. पोलिसांचा तपास दोषी कोण ते शोधतो, आणि तो व्हायलाच हवा. पण सेंट्रिंग कुठून सुटलं, टेकू कोणत्या जमिनीवर उभे होते, कामाचा कितवा तास चालू होता, बेल्ट होता तर तो अडकवायला जागा होती का, या प्रश्नांची उत्तरं पुढच्या साइटच्या इंजिनिअरला हवी असतात. माझ्या नोकरीत असा एकही चौकशी अहवाल माझ्या हाती आलेला नाही.

खाणींचं पाहा. धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय अपघातांची कारणवार वर्गवारी ठेवतं, छत कोसळून किती गेले, वाहनाखाली किती, ते प्रसिद्ध करतं आणि त्यावरून खाणींना परिपत्रकं काढतं. खाणकाम अजूनही धोक्याचंच आहे, पण तिथला मृत्यू निदान हिशेबात येतो. इमारतींना आणि पुलांना हा नियम का नको? 2023 मध्ये शहापूरजवळ सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून 20 जण गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत ठाण्यात बाळकुमला, चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचं काम आटोपून उतरताना बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात मजूर गेले. असा लाँचर, अशी लिफ्ट आजही राज्यात कुठे ना कुठे चालू आहे. ती चालवणाऱ्यांना या दोन अपघातांतलं नेमकं काय माहीत आहे?

म्हणून मागणी अशी : प्रत्येक प्राणघातक अपघाताचा तांत्रिक अहवाल, मृतांची नावं वगळून, ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध करा. त्याचं एक पानी सार मराठीत आणि हिंदीत काढा, चित्रांसह, कारण परांचीवर चढणारे अनेकजण बिहारहून, बंगालहून, छत्तीसगडहून आलेले असतात आणि सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. ज्या दिवशी स्लॅब भरायचा, त्या सकाळी मुकादमाने स्लॅबच्याच जुन्या अपघाताचं पान सगळ्यांसमोर सांगावं. पाच मिनिटं लागतात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे मृत्यूच्या अर्थसाहाय्याचे अर्ज येतात. त्या अर्जांतली कारणंही याच नोंदीत यायला हवीत, अर्ज मंजूर करून फाइल बंद होऊ नये.

थोडक्यात टळलेले अपघात तर कुठेच लिहिले जात नाहीत. वरून पाना पडला, कोणाला लागला नाही, काम चालू. असं कळवणाऱ्या मजुराची हजेरी कापली जाणार नाही, याची हमी सरकारनेच द्यावी लागेल. ठेकेदार ती आपणहून देणार नाही.

कोंढवा, आंबेगाव, सरलांबे आणि बाळकुम या चार अपघातांपासून सुरुवात करा. त्यांचे तांत्रिक निष्कर्ष येत्या पावसाळ्याआधी राज्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत साइटवर पोचवा, आणि भिंतींच्या कडेला वसवलेल्या मजूर वस्त्या पहिला मोठा पाऊस पडण्याआधी हलवा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक साइट इंजिनिअर, पुणे