आधी रेषा, मग रंग

चित्रकला शिकू इच्छिणाऱ्या मुलाने आधी रेखाटन शिकावे की थेट कुंचला हाती घ्यावा, या प्रश्नावरून आमच्या धर्मग्रामात गेल्या उन्हाळ्यात बरीच चर्चा झाली. कारण अगदी साधे होते. सभागृहात भरणाऱ्या चित्रकलेच्या वर्गाला आम्ही एक नियम घातला, की पहिले दोन महिने फक्त पेन्सिल आणि कागद. रंगाची पेटी घरी राहील. तिसऱ्या रविवारी वर्गातील निम्म्या चटया रिकाम्या होत्या. “फादर, मुलांना कंटाळा येतो,” असे काही मातांनी सांगितले. एका पालकांनी जरा अधिक स्पष्टपणे सांगितले, की शहरातल्या शिबिरात दोन दिवसांत भिंतीवर टांगण्याजोगा कॅनव्हास तयार होतो, आणि इथे दोन महिने तांब्याच काढायचा! त्यांच्या म्हणण्यास तोंडी उत्तर देण्याचे आम्ही टाळले. ते येथे देत आहोत.

दोन दिवसांत तयार होणारा तो कॅनव्हास आम्ही पाहिला आहे. सूर्यास्त, नारळाची झाडे, पाण्यात एक होडी. आराखडा शिक्षकांचा, कार्बन कागदाखालून उतरवलेला. मुलाने केले ते एवढेच, की सांगितलेल्या जागी सांगितलेला रंग भरला. शिबिरातील पंचवीस मुलांच्या पंचवीस होड्या एकाच दिशेला चाललेल्या होत्या. ज्या मुलाने आयुष्यात होडी कधी लक्षपूर्वक पाहिली नाही, त्याच्या नावाने ती दिवाणखान्यात लटकते आणि पाहुण्यांना दाखवली जाते. हे मुलाचे कौतुक आहे असे कोणास वाटत असेल तर वाटो. आम्हांस ती मुलाची फसवणूक वाटते.

आमचा आग्रह जुनाट आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा औंधची वाट धरावी. यमाईच्या डोंगरावर श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले. राजा रविवर्म्यांची चित्रे, हेन्री मूर यांचे आई व मूल हे शिल्प, असा ऐवज एका लहानशा संस्थानाच्या गावी पाहून परगावचा माणूस चकित होतो. बाळासाहेब स्वतः कुंचला चालवणारे होते. त्यांच्या हातच्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. तथापि आमच्या वादातील सर्वांत मोठी साक्ष त्या संग्रहालयात नाही. ती त्याच संस्थानच्या दुसऱ्या तुकड्यात, कुंडलच्या माळावर आहे. आज तो भाग सांगली जिल्ह्यात मोडतो आणि त्या ठिकाणाला किर्लोस्करवाडी म्हणतात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे कारखानदार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ते चित्रकार व्हायला निघाले होते, हे थोड्यांना ठाऊक असते. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. घरी शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत अधिक रमणारा हा मुलगा. थोरल्या भावाच्या आधारावर मुंबईस आलेला. दोनेक वर्षांनी निष्पन्न झाले, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा घाव कोणता? रंग हेच ज्याचे सर्वस्व होते, असा एखादा विद्यार्थी गाठोडे बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांपाशी रेषा उरली होती. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, ते इतके चांगले शिकले की पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. नंतर बेळगावास सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे प्रथम त्या नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावून माळरानावरची जमीन व भांडवल दिले. १९१० साली निवडुंगाच्या त्या माळावर कारखाना उभा राहिला. एका चित्रकार राजाने एका न झालेल्या चित्रकाराला जागा दिली, असे आम्हांस त्या घटनेकडे पाहावेसे वाटते.

कोणी म्हणेल, यंत्राचे आरेखन निराळे आणि चित्राचे रेखाटन निराळे. हत्यारे निराळी आहेत, हे खरे. परंतु दोन्हींत डोळ्याला लागणारी शिस्त एकच आहे. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूने कशी. तिचा कोणता भाग कोणत्या भागाच्या किती पट. कोणती कड दिसते आणि कोणती दिसत नसूनही तेथे असते. नांगराच्या आराखड्यात रेषा चुकली तर ओतकाम चुकते, आणि फाळ जागेवर बसत नाही. चित्रात रेषा चुकली तर मात्र कोणी बोलत नाही, कारण वरून रंग भरता येतो. नवशिक्याला रंगाची भूल पडते ती येथेच.

हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मूल पहिल्यांदा जलरंग घेते, तेव्हा त्याला एकाच क्षणी किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, ते पाहा. आकार बरोबर हवा. उजेड कोठून येतो व सावली कोठे पडते, ते कळायला हवे. हिरवा कोणता, पिवळ्यात निळा किती, हे ठरवायला हवे. कुंचल्यात पाणी किती, कागद ओला किती, याचा अंदाज हवा. आणि हे सारे रंग वाळण्याच्या आत. चित्र बिघडले म्हणजे नेमके काय बिघडले, हे ना त्याला कळत, ना आईला. तेच मूल पेन्सिलीने तांब्या काढते तेव्हा चूक उघडी पडते. तांब्याचा गळा एका बाजूला कलला, काठाची लंबगोल रेषा फुगली, बूड सपाट झाल्याने तांब्या हवेत तरंगू लागला. चूक बोटाने दाखवता येते, म्हणून ती सुधारता येते. पेन्सिल रंगाहून श्रेष्ठ आहे, असा आमचा दावा नाही. ती एका वेळी एकच प्रश्न विचारते, म्हणून ती आधी.

जुन्या कारागिरांनी हा क्रम कोणा पंडिताच्या आज्ञेवरून पाळला नव्हता. इटलीतील चर्चच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यात चित्रे काढीत, तेव्हा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवीत; तो वाळला की रंग धरत नसे. अशा घाईत आकाराचा विचार करीत बसायला सवड कोठली? म्हणून खालच्या थरावर तांबड्या मातीने आधी संपूर्ण आराखडा रेखलेला असे. अजिंठ्यालाही आधी तांबूस रेषा, मग रंग, आणि शेवटी पुन्हा रेषाच. बाळासाहेबांना अजिंठ्याचे वेड होते. तेथील चित्रांच्या प्रतिकृती करून घेण्यास ते चित्रकारांना बरोबर नेत.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम म्हणणे घेऊ. व्हेनिसचा तिशियन रोमला आला असता मायकेलअँजेलोने त्याचे एक चित्र पाहिले. समोर स्तुती केली आणि बाहेर पडल्यावर खेद व्यक्त केला, की व्हेनिसमध्ये आरंभापासून नीट रेखाटन शिकवीत नाहीत. ही हकीगत वासारीने आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. वासारी फ्लॉरेन्सच्या बाजूचा, तेव्हा ती थोडी तिखटमीठ लावलेली असणारच. तिशियन कॅनव्हासवरच आकार बदलीत जाई, हे क्ष-किरणांनी घेतलेल्या त्याच्या चित्रांच्या छायाचित्रांत आज दिसते. मग रेखाटन कशाला, असे विचारणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की तो बालवयापासून बेल्लिनी घराण्याच्या कार्यशाळेत घडला होता. तो कुंचल्यानेच रेखाटीत असे. पोहणाऱ्याने काठ सोडला, म्हणून पोहणे न शिकलेल्यानेही सोडावा काय?

दुसरे उदाहरण आपल्याच घरातले आहे, आणि ते आम्हांस अधिक जिव्हाळ्याचे वाटते. गोव्याच्या सांत इस्तेव्ह गावी १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांनी जे. जे. स्कूल सोडले आणि ते शांतिनिकेतनास अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडे गेले. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरियामाता रंगवली आणि त्याबद्दल स्वधर्मीयांचेच बोल सोसले. आमच्याशी वाद घालणारे एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, “फादर, फोन्सेकांनी तुमच्या शिस्तीला लाथ मारली, म्हणून तर ते मोठे झाले.” त्यांनी एक पाश्चात्य शिस्त सोडली, हे खरे. पण ते गेले कोणाकडे? नंदलाल बोस म्हणजे लहान लहान कार्डांवर जन्मभर रेखाटीत राहिलेला माणूस! फोन्सेकांच्या जलरंगांतील मरियेचा पदर, वाकलेली मान, मांडीवरचे बाळ पाहा. रंग फिकट आहे, जवळजवळ पुसट. सारा भार रेषेने पेलला आहे. त्यांनी शाळा बदलली, रेषा नव्हे.

औंधकडे पुन्हा एकदा वळतो. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून गाजले. ते मुळात जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार होते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकले आणि ‘किर्लोस्कर’ मासिकात व्यंगचित्रे काढू लागले, म्हणजे निव्वळ रेषेवर उभी राहणारी कला. औंध संस्थानच्या आटपाडी भागात जन्मलेले व्यंकटेश माडगूळकर लेखणीइतक्याच सहजतेने रेखाटीत. त्यांच्या गद्यात एकही शब्द अधिक पडत नाही, त्याचे मूळ आम्ही तरी त्या रेखाटणाऱ्या डोळ्यात शोधतो. समीक्षकांनी हसावे.

मात्र एक गोष्ट पालकांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. मुले रेखाटनाला कंटाळतात याचा मोठा दोष आपल्या परीक्षार्थी वृत्तीकडे जातो. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा चांगल्या हेतूच्या आहेत. औंधात वाढलेले माधव सातवळेकर यांच्यासारखे चित्रकार महाराष्ट्राचे कलासंचालक होऊन गेले आहेत. पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलांना त्या परीक्षांना बसवले जाते. मग स्थिरचित्रातील तांब्या, कांदा आणि घडी घातलेला रुमाल पाठ करून घेतात. स्मरणचित्रातला फुगेवाला वर्षानुवर्षे तोच! समोर वस्तू असून तिच्याकडे न पाहता काढण्याची सवय लावणे, यास आम्ही रेखाटन म्हणत नाही. अशा रेखाटनाने रंगाचा ओढा वाढला, तर नवल काय?

आणि सहा-सात वर्षांच्या लेकरांना आमचा नियम लागू नाही. त्यांनी भिंती रंगवाव्यात, हात रंगवावेत, सूर्य जांभळा करावा. तेथे शिकवू पाहणारा मोठा माणूस हाच अडथळा असतो. आमचा वाद आहे तो बारा-तेरा वर्षांच्या, ‘मला शिकायचे आहे’ असे स्वतः म्हणणाऱ्या मुलांविषयी. त्यांना आपण गंभीरपणे घेणार की नाही?

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे सौंदर्याविषयीचे विवेचन आम्ही अभ्यासले. ते सौंदर्याची तीन लक्षणे सांगतात, पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. उजळ रंगाच्या वस्तूंना सुंदर म्हणतात ते या तिसऱ्या लक्षणामुळे, असेही ते नमूद करतात. रंगाला त्यांनी नाकारले नाही, आम्हीही नाकारत नाही. परंतु अपुऱ्या, प्रमाण बिघडलेल्या आकारावर तेज बसणार कशावर?

वर्गातून गेलेली मुले गेली. उरलेल्यांपैकी एका मुलीने सहाव्या रविवारी आपल्या आजीचा हात रेखाटून आणला. बोटांचे सांधे सुजलेले, करंगळी आत वळलेली. तिची आई ते चित्र हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. सासूबाईंचे बोट वाकले आहे, हे आपल्या ध्यानातच आले नव्हते, असे ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी त्या आजीबाईंना दवाखान्यात नेल्याचे आम्हांस समजले.

पुढील वर्ग पावसाळ्यानंतर, रविवारच्या मिस्सेनंतर त्याच सभागृहात भरेल. नियम तोच राहील. एचबी आणि फोर-बी अशा दोन पेन्सिली, कोरे कागद आणि घरातली रोजच्या वापरातली एखादी वस्तू आणावी. खोडरबर पहिला महिना आणू नये. रंग तिसऱ्या महिन्यात आम्हीच देऊ.